साठच्या दशकातल्या रॉकमधली बारा तारांची गिटार

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

बीटल्सच्या धाग्यावर अवांतर फार वाढायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथे एकाने विचारलं होतं की १९६४-६५ च्या गाण्यांतली ती झणझणती गिटार नंतर कुठे गेली. त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना.

आधी वाद्य समजून घेऊ. साध्या गिटारीला सहा तारा. बारा तारांच्या गिटारीतही बोट ठेवायच्या जागा सहाच, पण प्रत्येक जागी दोन तारा शेजारीशेजारी. तारांना त्यांच्या सुरांची इंग्रजी नावं असतात: ई, ए, डी, जी, बी, ई. बी आणि ई या बारीक तारांच्या जोड्या एकाच सुरात लावतात. उरलेल्या चार जोड्यांमध्ये एक तार नेहमीची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली. म्हणजे कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) त्याच, बोटंही तीच, आवाज मात्र वेगळा.

यातली खरी गंमत तिसऱ्या जोडीत, म्हणजे जी मध्ये. तिची बारीक तार साधारण ३९२ हर्ट्झला (सेकंदाला इतकी कंपनं) लागते. पहिली ई तार लागते ३३० ला. सगळ्यात उंच सूर शेवटच्या तारेवर असेल असं आपण धरून चालतो, पण इथे तो मधोमध लपलेला असतो. म्हणून अगदी शाळकरी डी कॉर्ड छेडली तरी मधूनच काहीतरी लखलखतं. (आणि सगळ्यात आधी तुटते तीही हीच तार.)

दुसरं कारण म्हणजे एका सुरातल्या दोन तारा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक ३३० ला आणि दुसरी ३३१ ला असेल तर सेकंदातून एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना आपण हीच लाट ऐकत मणी सरकवतो. फरक इतकाच की आपण ती लाट घालवायला बघतो आणि बारा तारांच्या गिटारीत ती थोडी उरलेलीच बरी वाटते.

आता रिकेनबॅकर. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेले, तेव्हा या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल वाद्यं घेऊन तिथे पोचले होते. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन घसा धरून प्लाझा हॉटेलात पडून होता, म्हणून गिटार त्याच्या खोलीवर नेली. ३६०/१२ हे मॉडेल, कंपनीने बनवलेली दुसरीच बारा तारांची गिटार. लंडनला परतल्यावर २५ फेब्रुवारीला, त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी, 'यू कान्ट डू दॅट' रेकॉर्ड झालं आणि त्यात ती वाजली. पुढे 'अ हार्ड डेज नाइट', 'आय शुड हॅव नोन बेटर', 'टिकेट टू राइड'.

या गिटारीत दोन गोष्टी अक्कलहुशारीने केलेल्या आहेत. बारा खुंट्या म्हटल्या की गिटारीचं डोकं लांबलचक आणि जड होतं, गळ्यात अडकवली की गिटारीची मान (तारांखालचा लांब दांडा) खाली झुकते. रिकेनबॅकरने सहा खुंट्या नेहमीसारख्या कडेला लावल्या आणि उरलेल्या सहा, खाचा पाडून, मागच्या बाजूला वळवल्या. डोकं सहा तारांच्या गिटारीएवढंच राहिलं. दुसरी गोष्ट तारांच्या क्रमाची. इतर बारा तारांच्या गिटारींवर पिक (तारा छेडायची चिपटी) वरून खाली आणला की आधी बारीक तार वाजते, मग जाड. रिकेनबॅकरवर उलट. आधी जाड तारेचा ठोस सूर, त्याच्या मागोमाग बारीक तारेची चमक. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण 'टिकेट टू राइड'ची सुरुवात हेडफोन लावून ऐका.

माझं म्हणणं एवढंच आहे: या वाद्याच्या प्रेमात लोक पडले ते त्याच्या खोडींमुळे. पूर्ण सुरात लागत नाही, सूर लवकर विझतो, एकेक सूर ओढून वाजवता येत नाही. नेमक्या याच खोडींतून तो आवाज तयार झाला आणि पुढे याच खोडींनी त्याला बाजूला सारलं. असहमत असाल तर या.

---

कोपऱ्यातला श्रोता

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. 'अ हार्ड डेज नाइट'च्या पहिल्या कॉर्डवर इंटरनेटवर रणधुमाळी चालू असते. ती नक्की कोणती कॉर्ड? घरी गिटारीवर वाजवली की कधीच तशी येत नाही.

---

मंद्रसप्तक

येणारच नाही, कारण ती एकट्या गिटारीची नाहीच. हॅरिसनने स्वतः सांगितलं होतं की तो एफ कॉर्ड वाजवत होता, वर जी सूर ठेवून. पण त्याच क्षणी लेनन सहा तारांच्या अकूस्टिकवर (बिनविजेच्या गिटारीवर) आहे, मॅकार्टनी बासवर डी सूर देतोय आणि निर्माता जॉर्ज मार्टिन पियानोवर आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक जेसन ब्राउन यांनी त्या आवाजाचं फूरिये पद्धतीने (आवाजातले सूर वेगळे काढायच्या गणिताने) पृथक्करण केलं आणि पियानोचा वाटा दाखवून दिला. चौघांचे सूर एकमेकांत असे मुरलेत की वेगळे काढायला गणित लागतं, हेच मला भारी वाटतं.

त्या गाण्यातला मधला तुकडाही तसाच फसवा आहे. गिटार आणि पियानो एकच धून वाजवतात, आणि ती टेप अर्ध्या वेगाने चालवून रेकॉर्ड केली आहे. पूर्ण वेगात आली की एक सप्तक वर चढते आणि आवाज घट्ट, टणक होतो. ऐकणाऱ्याला वाटतं काय विलक्षण सफाई आहे पोराच्या हातात!

---

खुंटीपिळ्या

धागाकर्त्याने रोमँटिक बाजू मांडली, मी हमालीची मांडतो.

माझ्याकडे बारा तारांची अकूस्टिक आहे. कंपनीचं नाव घेत नाही. हलक्या तारांचा संच लावला तरी बारा तारांचा मिळून ओढा शंभर किलोच्या वर जातो. सहा तारांना तो सत्तरच्या आसपास. लाकडाने किती सोसायचं? माझ्या गिटारीचा ब्रिज (पोटावरची, तारा अडकवायची पट्टी) एका पावसाळ्यात मागच्या बाजूने उचलला गेला, इतका की खाली व्हिजिटिंग कार्ड सरकत होतं. दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो चिकटवला आणि बजावलं की यापुढे सगळ्या तारा एक स्वर खाली लाव आणि मूळ पट्टी हवी असेल तर दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. तेव्हापासून तसंच करतो. जी ची बारीक तार तुटणंही त्यामुळे कमी झालंय, सुट्या तारा मागवण्याचा खर्च वाचला.

रिकेनबॅकरच्या मानेत एकाऐवजी दोन ट्रस रॉड (मान वाकू नये म्हणून आत घातलेल्या सळ्या) असतात ते याच कारणासाठी. पण ती मान इतकी अरुंद की नटपाशी (डोक्याजवळ तारा टेकतात तिथे) बारा तारा जेमतेम ४१-४२ मिलिमीटरमध्ये दाटीवाटीने बसवल्यात. माझ्यासारख्या जाड बोटांच्या माणसाला ए कॉर्ड धरताना शेजारच्या दोन जोड्या मुक्या होतात. हॅरिसनची बोटं बारीक असावीत.

---

जुनी कॅसेट

लेख उत्तम, पण सुरुवात १९६४ पासून केल्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल की हे वाद्य बीटल्ससोबत जन्माला आलं. तसं नाही. बारा तारांची अकूस्टिक अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्वस्तात मिळत होती आणि ती वाजवणारे मुख्यतः दक्षिणेतले कृष्णवर्णीय गायक होते. अटलांटातला ब्लाइंड विली मॅकटेल घ्या. लेडबेली घ्या: स्टेला कंपनीची मोठी थोरली गिटार, तारा जाड आणि नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या. त्याच्या हातात ती लखलखत नाही, धडधडते. रिकेनबॅकरचा आवाज डोक्यात ठेवून लेडबेली ऐकलात तर हेच वाद्य आहे यावर विश्वास बसणार नाही.

लेडबेली १९४९ मध्ये गेला. ते वाद्य पुढे नेलं पीट सीगर आणि लोकगीतवाल्या मंडळींनी. मग जानेवारी १९६३ मध्ये रूफटॉप सिंगर्स या त्रिकुटाचं 'वॉक राइट इन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं गस कॅननचं, १९२९ चं. त्यात बारा तारांच्या दोन गिटारी आहेत आणि दुकानांत हे वाद्य इतकं दुर्मीळ झालं होतं की एरिक डार्लिंगला ती गिब्सनकडून मागवून वाट पाहावी लागली होती. गाणं गाजल्यावर सगळ्यांनाच बारा तारा हव्याशा झाल्या. इलेक्ट्रिकमध्येही रिकेनबॅकर पहिली नव्हे. डॅनइलेक्ट्रोची बेलझूकी १९६१ ची आहे. पण ती हॅरिसनच्या गळ्यात नव्हती, संपला विषय.

---

भांडखोर भैरवी

जुनी कॅसेट +१. लेडबेलीचं नाव न घेता या विषयावर पानंच्या पानं लिहिणारे लोक आहेत, ते बघून चीड येते.

आता माझा काडीटाकू प्रश्न. 'तो आवाज' यायला खरंच बारा तारा लागतात का? सर्चर्स या इंग्लिश बँडचं 'नीडल्स अँड पिन्स' ऐका, जानेवारी १९६४. हॅरिसनला ती गिटार मिळण्याच्याही आधीचं. निम्मं जग शपथेवर सांगेल की यात बारा तारा आहेत. प्रत्यक्षात सहा तारांच्या दोन गिटारी एकच गोष्ट वाजवतायत आणि वर थोडा प्रतिध्वनी आहे. दोन माणसांचे हात कधी पूर्ण जुळत नाहीत, झाली लाट तयार. (सुरुवातीला कुरकुर ऐकू येते ना, तो ड्रमचा पेडल. कोणी तेलच घातलं नव्हतं.) त्यांनी खरी बारा तारांची गिटार आणली ती त्याच वर्षी 'व्हेन यू वॉक इन द रूम'मध्ये. दोन्ही पाठोपाठ ऐकून सांगा, किती जणांना फरक कळतो?

म्हणजे श्रेय तारांच्या संख्येचं नाही, दोन सुरांमधल्या फटीचं.

---

मंद्रसप्तक

@भांडखोर भैरवी, फटीबद्दल एकदम मान्य, मीही तेच म्हणतोय. पण 'नीडल्स'मध्ये वरच्या सप्तकाची ती किणकिण नाही. तिथे नुसती जाडी आहे. 'व्हेन यू वॉक इन द रूम'ची पहिली चार सेकंदं ऐका, खालच्या सुराला चिकटून वरचा सूर येतो. ते दोन माणसांना करायचं तर एकाने वर, एकाने खाली वाजवावं लागेल, आणि मग एकाच पिकचा एक ठोका राहत नाही.

---

विलंबित

इतके प्रतिसाद झाले आणि अजून बर्ड्स या अमेरिकन बँडचं नाव नाही? त्यांच्या रॉजर मॅग्विनशिवाय हा धागा म्हणजे वरातीत नवरदेवच नाही.

मॅग्विन (तेव्हा जिम) मूळचा शिकागोचा, तिथल्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये शिकलेला, बँजो आणि बारा तारांची अकूस्टिक वाजवणारा. १९६४ मध्ये त्याने बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' हा सिनेमा पाहिला, हॅरिसनच्या हातातली गिटार बघितली, आणि स्वतःचा बँजो आणि अकूस्टिक दोन्ही देऊन टाकून रिकेनबॅकर घेतली. पण हात बँजोचाच राहिला. अंगठा आणि तर्जनीत चपटा पिक, पुढच्या दोन बोटांत धातूच्या नख्या, आणि तारांवरून बँजोसारखे गोल गोल फिरणारे सूर. हॅरिसन या गिटारीवर मुख्यतः कॉर्ड आणि छोटे तुकडे वाजवायचा. मॅग्विनने तिच्यातून सुरांची धार ओतली.

'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' २० जानेवारी १९६५ ला हॉलिवूडमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं. बँडमधला वाद्य वाजवणारा एकटा मॅग्विन. बाकी ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, असे लॉस एंजेलिसचे मुरलेले स्टुडिओ वादक. जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर.

आता त्या आवाजाचं इंगित. इलेक्ट्रिक बारा तारांचा सूर छेडल्या छेडल्या टणकन येतो आणि लगेच विझतो. मॅग्विनची गिटार ॲम्पमधून नाही, थेट रेकॉर्डिंगच्या टेबलात जोडली होती आणि मध्ये काँप्रेसर. हे यंत्र मोठा आवाज दाबतं आणि लहान आवाज उचलून धरतं. त्यामुळे ठोका बोथट होतो, शेपूट लांबते. सूर तीन-चार सेकंद टिकायला लागला. मॅग्विनचं म्हणणं होतं की यामुळे गिटार फुंकवाद्यासारखी वाजवता आली, आणि हे त्याने १९६६ च्या 'एट माइल्स हाय'मध्ये करून दाखवलं. तिथे तो सरळसरळ जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन वाजवायला बघतोय. कोल्ट्रेनच्या रचनेचं नाव 'इंडिया'. १९६५ च्या शेवटी दौऱ्यावर असताना बर्ड्सच्या गाडीत एक कॅसेट सतत वाजायची, एका बाजूला कोल्ट्रेन आणि दुसऱ्या बाजूला पंडित रविशंकर. कोल्ट्रेन स्वतः रविशंकरांचा एवढा चाहता की मुलाचं नाव रवी ठेवलं.

---

कोपऱ्यातला श्रोता

हे रविशंकर प्रकरण कुठून आलं? सतार हॅरिसनने आणली ना?

---

विलंबित

सतार त्याने आणली, पण रविशंकरांचं नाव त्याच्या कानावर घालण्यात बर्ड्सचा मोठा हात होता. बर्ड्सची तालीम लॉस एंजेलिसच्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत व्हायची. रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका काढणारे रिचर्ड बॉक यांचाच तो स्टुडिओ. बर्ड्सचा डेव्हिड क्रॉस्बी तिथेच रविशंकरांच्या नादी लागला. ऑगस्ट १९६५ मध्ये बीटल्स लॉस एंजेलिसला उतरले होते, तेव्हा मॅग्विन आणि क्रॉस्बी त्यांना भेटले आणि गप्पा रविशंकरांवर गेल्या.

पुढचं आपल्याकडे घडलं. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन सतार शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला. रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळा तेव्हा मुंबईतच होती. बातमी फुटली, हॉटेलखाली पोरापोरींची गर्दी झाली आणि गुरुशिष्य काश्मीरला निघून गेले. जानेवारी १९६८ मध्ये तो परत आला आणि मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीत तिथलं आहे.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. बर्ड्सनी गायलेलं 'द बेल्स ऑफ रिम्नी' हॅरिसनने ऐकलं आणि त्यातल्या गिटारीच्या वळणावर 'इफ आय नीडेड समवन' बांधलं, डिसेंबर १९६५ च्या 'रबर सोल'मध्ये. कॅपो थेट सातव्या फ्रेटवर. हे त्याने लपवलंही नाही. डेरेक टेलर हा बीटल्सचा जुना प्रसिद्धीप्रमुख तेव्हा बर्ड्सचं काम बघत होता, त्याच्याकडून मॅग्विनला निरोप धाडला.

---

खुंटीपिळ्या

@विलंबित, जबरदस्त. आता कळलं माझ्या गिटारीतून तो आवाज का येत नाही, काँप्रेसर घ्यायला पाहिजे. घरी सांगायचं काय तेवढं सुचवा.

---

भांडखोर भैरवी

ठीक. पण मूळ प्रश्न तसाच आहे. १९६७ नंतर कुठे गेली ही गिटार? धागाकर्त्याने 'खोडींनीच बाजूला सारलं' म्हणून सोडून दिलं. पुरावा?

---

मंद्रसप्तक

१९६६-६७ मध्ये रॉक गिटारीचं काम बदललं. क्लॅप्टन, हेंड्रिक्स, बेक. आता गिटारवादकाने तार बोटाने ओढून सूर चढवायचा, माणूस विव्हळतो तसा, आणि वर फझ (आवाज मुद्दाम फाडणारं यंत्र). बारा तारांवर जोडी ओढून बघा. दोन्ही तारा सारख्या चढत नाहीत, वरच्या सप्तकातली बारीक तार वेगळीच पळते. बेसूर, आणि तो गोड बेसूर नव्हे. फझचं त्याहून वाईट. एका जोडीचे दोन सूर आधीच एकमेकांशी झगडत असतात, त्यांना फाडून मोठं केलं की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते सूर तयार होतात आणि सगळ्याचा चिखल. जे वाद्य स्वच्छ आवाजातच शोभतं, त्याला त्या दोन वर्षांत कामच उरलं नाही. फेंडरने त्यांची इलेक्ट्रिक बारा तारांची गिटार १९६५ मध्ये बाजारात आणली आणि दशक संपेपर्यंत बंदही केली. वरातीला पोचले तेव्हा पंगत उठत होती.

---

जुनी कॅसेट

थोडा विरोध. इलेक्ट्रिक मागे पडली हे खरं, वाद्य नाही. १९६९ चं 'स्पेस ऑडिटी' हे गाणं डेव्हिड बोवीच्या बारा तारांच्या अकूस्टिकवर उभं आहे. आणि ज्या हेंड्रिक्सला तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत त्याचं डिसेंबर १९६७ चं चित्रीकरण बघा, 'हिअर माय ट्रेन अ कमिन'. एकटा बसलाय, हातात बारा तारांची अकूस्टिक, आणि तो ब्लूज वाजवतोय, तारा ओढतोय सुद्धा. लेडबेली ज्या घराण्याचा, त्याच घराण्यात वाद्य परत गेलं असं मी म्हणेन.

---

भांडखोर भैरवी

हे आवडलं. धागाकर्त्याचा 'ओढता येत नाही' हा मुद्दा अर्धा बाद. हेंड्रिक्सला येतं.

---

मंद्रसप्तक

हेंड्रिक्सला काय येत नव्हतं ते सांगा, यादी लहान होईल. फझचा मुद्दा शाबूत आहे.

---

नवा विद्यार्थी

नमस्कार मंडळी, कॉलेजपासून सहा तारा वाजवतो. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात बारा तारांची आहे असं ऐकलं, म्हणून घ्यायचा विचार आहे. घेऊ का? आणि सुरात लावायला रोज किती वेळ जातो?

---

खुंटीपिळ्या

@नवा विद्यार्थी, ते गाणं १९७६ चं, धाग्याच्या हद्दीबाहेर, पण चालतंय. हो, सुरुवात बारा तारांची, कॅपो सातव्या फ्रेटवर.

दुकानात गेलास की बाराव्या फ्रेटपाशी तारा मानेपासून किती उंच आहेत ते बघ. तीन मिलिमीटरच्या वर असतील तर बोटं सोलून निघतील. मग ब्रिजच्या मागे नख सरकतंय का बघ, सरकलं तर उठ आणि बाहेर ये. ट्यूनर क्लिपवाला घे. प्रत्येक जोडीतली एक तार बोटाने दाबून मुकी कर आणि दुसरी लाव, दोन्ही एकदम लावायला गेलास तर ट्यूनरही गोंधळतो. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नकोस, एकेक जोडी बदल. आणि जी ची बारीक तार दोन जास्तीच्या घेऊन ठेव.